मोटार अपघात दावा: केसपेपरवर 'घसरून पडले' लिहिलंय, आता पुरावे कसे जमवायचे?

रानजाई

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, गावाकडे दुधाचा धंदा करतो. घरच्या गाई-म्हशी आहेत, शिवाय वाडीवरचं दूध गोळा करून तालुक्याला रतीब घालतो. पहाटे मोटरसायकलला कॅन लावून निघाला असताना मागून पिकअप टेम्पोनं उडवला. उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन करून आत रॉड टाकलाय. सध्या वॉकरवर आहे.

टेम्पोवाल्यानंच त्याला उचलून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, त्याबद्दल आभारच आहेत. पण तिथल्या पहिल्या केसपेपरवर 'मोटरसायकल घसरून पडले' अशी नोंद आहे. भाऊ तेव्हा अर्धवट शुद्धीत होता. आम्ही पोचलो तोवर टेम्पोवाला निघून गेला होता. घरचे सगळे हॉस्पिटलात अडकल्यामुळे फिर्याद काही दिवसांनी दिली. टेम्पोचा नंबर आहे, कारण मागून येणाऱ्या शाळामास्तरांनी तो पाहिला होता. गुन्हा नोंद झालाय.

आता जो तो सांगतोय की केसपेपरमुळे दावा टिकणार नाही. एक जण तर म्हणाला, डॉक्टरला भेटून नोंद बदलून घ्या. टेम्पोचा मालक पन्नास हजार रोख देतो म्हणतोय, फक्त 'आमची तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. काय करावं? कोणते कागद आत्ताच गोळा करायला हवेत?

खमंग

पन्नास हजार आणि स्टॅम्पपेपरचा खर्च त्याचा? उदार माणूस दिसतोय.

घाटमाथा

ताई, आधी भावाला आराम पडो. त्या स्टॅम्पपेपरवर सही अजिबात नको. वडिलांच्या वेळी आम्हालाही असाच प्रस्ताव आला होता. मालकाच्या खिशातून मोठी रक्कम जाणारच नसते, भरपाई त्याची विमा कंपनी देते. तरी मालक तडजोडीसाठी मागे लागतात, तेव्हा एक तर गाडीचा विमा संपलेला असतो किंवा ड्रायव्हरच्या लायसन्सचा घोळ असतो. आधी एम-परिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाका. विमा कुठवर आहे, फिटनेस आहे का, ते दिसेल. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

कोर्टाची पायरी

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करतो. सवडीनं लिहितोय, पण पहिली गोष्ट ताबडतोब: नोंद बदलून घ्यायला जाऊ नका. खाडाखोड केलेला केसपेपर हा 'घसरून पडले' लिहिलेल्या केसपेपरपेक्षा दसपट वाईट. विमा कंपनीचा वकील मूळ रजिस्टर मागवतो, शाईतला फरक दाखवतो आणि मग तुमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मुद्द्याचं. त्या कागदावर 'घसरून पडले' लिहिलंय, पण हे सांगितलं कुणी? डॉक्टर रस्त्यावर नव्हते. रुग्ण धड शुद्धीत नव्हता. घरचं कुणी नव्हतं. म्हणजे ही माहिती ज्यानं आणून घातलं त्याची. बहुतेक हॉस्पिटलांत अपघाताचा रुग्ण आला की एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरला नोंद होते, त्यात 'कोणी आणले' असा रकाना असतो. तिथे त्या ड्रायव्हरचं नाव किंवा मोबाइल नंबर असेल, तर तो कागद उलट तुमच्या बाजूनं बोलायला लागतो. टेम्पो तिथे होता आणि सोयीची माहिती त्यानंच दिली, हे त्यातूनच दिसतं.

तेव्हा हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या: संपूर्ण इनडोअर केसपेपर, एमएलसी रजिस्टरमधली नोंद, पोलिसांना पाठवलेल्या सूचनेची प्रत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागितलं की 'उद्या या' ऐकावं लागतं.

पोलिसांच्या पुरवणी जबाबात भावानं स्पष्ट सांगावं: मला कुणी आणलं, मी कुठल्या अवस्थेत होतो, डॉक्टरांशी कोण बोललं.

फिर्याद उशिरा झाली म्हणून घाबरू नका. घरचा माणूस ऑपरेशन टेबलावर असताना कुणी ठाण्यात जात नाही, हे न्यायाधीशांनाही कळतं. उशिराचं कारण फिर्यादीत लिहिलंय ना, एवढं बघा. आणि दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. अपघात असा झाला असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय.

निळी शाई

वकीलसाहेबांनी नेमकं सांगितलं. मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी तपासनीस होतो, आता निवृत्त.

दाव्याची फाइल हातात आली की आम्ही सर्वांत आधी पहिला केसपेपर बघायचो. मग घटनास्थळ पंचनामा. फिर्याद तिसऱ्या नंबरावर, कारण ती विचार करून लिहिलेली असते. पंचनाम्यात आम्ही शोधायचो: रस्त्याची रुंदी, गाड्या कुठे पडल्या, घसरल्याच्या खुणा, काच किंवा रंगाचे तुकडे. तुमच्या केसमध्ये मोटरसायकलच्या मागच्या बाजूचं नुकसान हा फार मोठा पुरावा आहे. घसरून पडलेल्या गाडीचं हँडल, फूटरेस्ट, सायलेन्सर घासतं. मागचं मडगार्ड आणि नंबरप्लेट आत दबत नाही. दुधाचा कॅन चेपलाय का? कुठल्या अंगानं?

गाडी दुरुस्तीला टाकली नसेल तर टाकू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कॅनचेही. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक दोन्ही गाड्यांची तपासणी करून अहवाल देतो. तो अहवाल पोलिसांच्या कागदांत आहे का, आणि त्यात मागच्या नुकसानीचा उल्लेख आहे का, हे आत्ताच वाचा. नसेल तर तपास अधिकाऱ्याला फोटोंसह लेखी द्या. दोन वर्षांनी साक्षीत सांगून उपयोग नाही.

अजून एक. तुमच्या घरी एखादा सभ्य माणूस येईल, चहा घेईल, विचारपूस करेल आणि कागद पुढे करेल: 'फक्त माहिती घेतल्याची सही.' माझ्यासारखाच कुणीतरी असेल तो. माहिती खरी द्या, लपवू नका, पण न वाचता सही नको आणि कोऱ्या कागदावर तर नकोच. लिहिलेल्याचा फोटो काढून ठेवा.

खमंग

निळी शाई, तुम्ही किती घरी चहा प्यायलात?

निळी शाई

डायबेटिस तिथूनच आलाय.

प्राजक्त

हेल्मेट होतं का? आमच्या शेजाऱ्यांच्या केसमध्ये हेल्मेट नव्हतं म्हणून कंपनीनं फार ताणलं. लायसन्सची झेरॉक्सही लावा.

कोर्टाची पायरी

पायाचं हाड मोडलंय, हेल्मेटचा तिथे काय संबंध? ज्या चुकीचा दुखापतीशी किंवा अपघाताशी संबंध नाही, तिच्यासाठी भरपाई कापता येत नाही. लायसन्स असेल तर लावाच.

आता पोलिसांचे कागद. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, शिवाय महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही बहुतेक एफआयआर उतरवून घेता येतात. बाकी घटनास्थळ पंचनामा, जबाब, टेम्पोचं आरसी, परमिट, फिटनेस, विमा पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, दोन्ही वाहनांचे तपासणी अहवाल. आपल्याकडे जुन्या पद्धतीचा 'कॉम्प एए' फॉर्म असतो, त्यात गाडी, मालक, ड्रायव्हर, विमा हे सगळं एका जागी मिळतं.

मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि २०२२ चे केंद्रीय नियम आल्यापासून तपास अधिकाऱ्यावरच बरीच जबाबदारी आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. सविस्तर अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणूनही धरता येतो. त्यासाठी जखमीकडून पोलीस फॉर्म सहा भरून घेतात. तो आळसानं भरू नका, त्यातला उत्पन्नाचा रकाना पुढे तुम्हाला बांधून ठेवतो. भाऊ 'लिहा आठ-दहा हजार' असं म्हणून मोकळा झाला, तर नंतर पंचवीस हजार सांगता येत नाहीत.

पण पोलिसांच्या अहवालावर विसंबून बसू नका. त्याच कायद्याच्या कलम १६६ खाली स्वतःचा अर्ज टाका. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण तुम्ही ती पाळायचीच असं धरून चाला. अर्ज अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा प्रतिवादी जिथे आहे तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका, नंतर यादीसोबत देता येतात.

एक्स-रे

मी अस्थिरोगतज्ज्ञ, सरकारी रुग्णालयात काम केलंय. वकील मंडळी डॉक्टरांच्या कागदांबद्दल बोलतात तेव्हा आम्हाला जरा धडकी भरते, पण या धाग्यावर बरं चाललंय.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल. लोक रॉड टाकल्यावर महिन्याभरातच दाखला मागायला येतात. हाड जुळलं का, गुडघा किती वाकतो, घोटा किती हलतो, पाय आखूड झाला का, हे उपचार पूर्ण झाल्यावरच कळतं. तोवरचा दाखला तात्पुरता, आणि उलटतपासणीत तो पहिल्या दोन प्रश्नांत पडतो.

दुसरं, टक्का कशाचा ते बघा. 'उजव्या पायाचं ४० टक्के' आणि 'संपूर्ण शरीराचं ४० टक्के' यांत फार फरक आहे. दाखल्यावर ते स्पष्ट लिहिलेलं असावं. कुठल्यातरी ओळखीच्या डॉक्टरकडून मोठा टक्का लिहून आणू नका. ज्यानं ऑपरेशन केलं तो डॉक्टर, किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडचं मंडळ. आणि दाखला देणाऱ्यानं न्यायाधिकरणात येऊन साक्ष द्यावी लागते, तेव्हा तो येईल का, हे आधी विचारा.

रुग्णाला मी नेहमी सांगतो: टक्क्याच्या मागे लागण्यापेक्षा तुला काय करता येत नाही ते मला सांग, मी तपासून लिहितो. तुमच्या भावाच्या बाबतीत प्रश्न असा की तो उकिडवा बसून धार काढू शकतो का? भरलेला कॅन उचलून गाडीला लावू शकतो का? उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबता येतो का? हे फॉलोअपच्या प्रत्येक भेटीत डॉक्टरांना सांगा म्हणजे ओपीडीच्या कागदावर नोंद राहते. वर्षभराच्या नोंदींत 'उकिडवं बसता येत नाही' तीन-चार ठिकाणी आलं, की शेवटच्या दाखल्याला वजन येतं.

एक्स-रे फिल्म्स मूळ सांभाळा, घडी घालू नका. मोबाइलवरचा फोटो चालत नाही असं नाही, पण फिल्मसारखं ते नाही.

कोर्टाची पायरी

डॉक्टरसाहेब, हेच! सगळा दावा इथे फिरतो आणि लोक बिलांच्या पावत्या मोजत बसतात.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' हा निकाल आमच्या रोजच्या कामात असतो. त्यात म्हटलंय की वैद्यकीय अपंगत्वाचा टक्का आणि कमाईची क्षमता घटल्याचा टक्का एकच नसतो. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व ६० टक्के धरलं जाईल, पण सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडेल. सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही. २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या बाबतीत कमाईचं नुकसान ८५ टक्के धरलं, आणि भाजीवाल्याकडून उत्पन्नाचे कागद मागणं बरोबर नाही असंही म्हटलं.

आकडे मांडून दाखवतो. समजा उत्पन्न महिना १५,००० सिद्ध झालं. स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) १६. झाले ४०,३२,०००. आता कमाईचं नुकसान २० टक्के धरलं तर ८,०६,४००, आणि ४० टक्के धरलं तर १६,१२,८००. म्हणजे एकेक टक्का चाळीस हजारांवर. टेम्पोमालकाचे पन्नास हजार किती टक्क्यांत संपतात बघा.

उपचारांचा खर्च, काम बुडालेल्या महिन्यांची कमाई, वेदना, सोबतीला राहिलेला माणूस हे सगळं याच्या वर. अर्थात न्यायाधिकरण किती धरेल हे पुराव्यावर आहे, मी आश्वासन देत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे हिशोब बघून आई रडायलाच लागली, म्हणाली पैसे नकोत, त्याला चालता येऊ दे.

उत्पन्नाचं कसं दाखवायचं? आयटी रिटर्न नाही. अर्धे रतीबवाले रोखीत देतात. जमीन वडिलांच्या नावावर.

घाटमाथा

रतीबाची वही! आमच्याकडे वडिलांच्या उधारीच्या वह्या कामाला आल्या. नव्या कोऱ्या वहीत उतरवून काढू नका, तीच मळकी वही द्या. डेअरीला दूध घालत असाल तर दहा दिवसांची बिलं मिळतील, संस्थेचा सचिव येऊन साक्ष देऊ शकतो. पासबुक, पेंडीच्या पावत्या, यूपीआयचा इतिहास.

निळी शाई

सावध. डेअरीचं बिल ही दोन्हीकडून धार असलेली गोष्ट आहे. मी कंपनीत असतो तर म्हटलं असतं: अपघातानंतरही संस्थेला तेवढंच दूध चाललंय, गाई आहेत तिथेच आहेत, मग नुकसान कसलं?

त्यामुळे 'किती कमावत होता' याच्या बरोबरीनं 'त्याचं काम आता कोण करतं आणि त्याला काय द्यावं लागतं' हे दाखवा. धार काढायला गडी ठेवला? त्याचा पगार रोखीत देऊ नका, खात्यावर द्या. बाहेरच्या दुधाचं संकलन बंद पडलं? कुठल्या वाड्यांवरचं, किती लिटर, हे डेअरीच्या आधीच्या-नंतरच्या बिलांतून दिसेल. जनावर विकावं लागलं तर व्यवहाराचा कागद ठेवा. शेतीतही असंच होतं. सातबारा दाखवून उत्पन्न सिद्ध होत नाही, कारण जमीन पळून गेलेली नसते.

प्राजक्त

सीसीटीव्हीचं कुणीच बोललं नाही?

कोर्टाची पायरी

बरोबर, ते खरं तर आधी यायला हवं होतं. पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्र, ग्रामपंचायत, धाबा, जिथे कॅमेरा असेल तिथे फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज, आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला. बहुतेक यंत्रांत जुन्यावर नवं चढत जातं, त्यामुळे उशीर झाला की संपलं. मिळालं तर ते ज्याच्या यंत्रातून निघालं त्याचं प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप पुरावा म्हणून लंगडी पडते.

रानजाई

अपडेट देते. हॉस्पिटलनं आधी टाळाटाळ केली, लेखी अर्ज दिल्यावर कागद दिले. एमएलसी रजिस्टरमध्ये 'आणणारा' या रकान्यात टेम्पोच्या ड्रायव्हरचं नाव आणि मोबाइल नंबर आहे! नातं: 'अनोळखी, रस्त्याने जाणारा'. पोलिसांच्या कागदांत त्याच ड्रायव्हरचं नाव आरोपी म्हणून आहे. मोटरसायकल अजून ठाण्याच्या आवारात उभी आहे, मागची नंबरप्लेट पूर्ण आत गेलीय आणि डाव्या बाजूचा कॅन चेपलाय. फोटो काढले. फुटेज मात्र पुसलं गेलंय. शाळामास्तर जबाब द्यायला तयार आहेत.

निळी शाई

'अनोळखी, रस्त्याने जाणारा' आणि तोच आरोपी. ही नोंद बघून कंपनीचा वकील स्वतःच तडजोडीचं बघेल. मास्तरांचा जबाब पोलिसांत लवकर होऊ दे, आणि तुम्ही त्यांना काय बोलायचं ते शिकवत बसू नका. त्यांनी जे पाहिलं तेवढंच.

खमंग

आता गंभीर प्रश्न. हॉस्पिटलचं अर्ध बिल माझ्या एका मित्राच्या मेडिक्लेमनं भरलं होतं, तर वकील म्हणाला ती रक्कम दाव्यातून वजा होईल. खरं का?

कोर्टाची पायरी

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये ठरवलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत. हप्ता तुम्ही भरला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का? फक्त मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जातात, म्हणून देण्याआधी सगळ्याच्या प्रती काढा आणि हॉस्पिटलचा शिक्का घ्या.

रानजाई

आमचा मेडिक्लेम नाही. औषधांची काही बिलं नुसत्या चिठ्ठीवर आहेत, चालतील का? आणि हॉस्पिटलबाहेर एक जण भेटला, 'केस मी लढवतो, मिळेल त्यातले तीस टक्के' म्हणून.

कोर्टाची पायरी

तो एजंट. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. वकालतनाम्यावर सही करण्याआधी प्रत्यक्ष वकिलाला भेटा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

चिठ्ठ्या त्या मेडिकल दुकानात घेऊन जा आणि छापील बिल मागा. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, नाहीतर औषध कुणाचं हा प्रश्न येतो.

एक्स-रे

एक राहिलं. रॉड पुढे काढायचा असेल तर त्या ऑपरेशनचा खर्च आजच्या दाव्यात मागता येतो. निकाल लागल्यावर पुन्हा मागायला जाता येत नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या, त्यात रॉड काढणं, भूल, दाखल राहण्याचे दिवस आणि नंतरची फिजिओथेरपी वेगवेगळी लिहून मागा.

रानजाई

पुढच्या फॉलोअपला मागते. उकिडवं बसण्याचंही तेव्हाच लिहून घेते.